बिनधोक म्हणून निवडलेला राजा

सोलापूरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले होते, तेव्हा मोठ्या बाईंनी संमेलनाचं नाटक माझ्या गळ्यात घातलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना हसताना शाळेत कुणी पाहिलेलं नव्हतं. मी तेवीस वर्षांची, मंगळवेढ्याच्या एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी, सोलापुरात मामांकडे राहून इतिहास शिकवणारी. नाटकाचा आणि माझा संबंध एवढाच, की ट्रेनिंगला असताना एकदा पडदा ओढला होता.

तीस सालचा मार्शल लॉ उठून दीडएक वर्ष झालं होतं. पण शहर अजून दबकूनच बोलायचं. शहरातल्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली होती, आणि त्यांची नावं घरात घ्यायची झाली तरी लोक आधी दाराकडे बघत. माझे मामा कलेक्टर कचेरीत कारकून. त्या दिवसांत त्यांनी पांढरी टोपी पेटीत ठेवली आणि काळी घातली, ती पुढे काळीच राहिली.

तर मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, की शिवाजी महाराजांचं नाटक नको, सरकारला खपणार नाही. पुराणातलं नको, कारण कुठलाही राक्षस आला की लोक त्याच्या जागी दुसराच कुणी बघतात. विधवाविवाह वगैरे तर नकोच, पालक मुली काढून नेतील. शिवाय प्रमुख पाहुण्या म्हणून कलेक्टरांची मडम येणार आहे.

"जे बघून कुणालाच काही वाटणार नाही, असं काहीतरी बसवा," त्या म्हणाल्या.

मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग वाटलं, इंग्लंडचाच राजा घ्यावा. त्यांचाच राजा, त्यांचंच घरचं भांडण, तेही आठशे वर्षांपूर्वीचं. त्यात कुणाला काय सापडणार? मॅट्रिकच्या वर्गाला मी तेव्हा नॉर्मन राजे शिकवत होते, आणि त्यांतला शेवटचा राजा मला मनापासून आवडायचा.

त्याची हकिगत अशी. त्याच्या आधीचा राजा त्याचा सख्खा मामा. त्या मामाचा एकच औरस मुलगा, तो समुद्रात जहाज बुडून गेला. राहिली मुलगी. मामानं सगळ्या सरदारांना दरबारात बोलावून शपथ घ्यायला लावली, की माझ्यामागं गादी हिची. शपथ घेणाऱ्यांत हा भाचाही होता. पण मामानं डोळे मिटल्याची बातमी आली मात्र, भाचा घाईनं समुद्र ओलांडून राजधानीत पोचला आणि मुकुट डोक्यावर घालून मोकळा झाला. बाईचं राज्य कशाला, म्हणून सरदारही त्याच्याकडे गेले. मग ती मामेबहीण फौज घेऊन आली आणि बरीच वर्षं लढाई चालली. एकदा राजाच कैद झाला, एकदा राणी कोंडली गेली. गावं उजाड झाली. राजाला गादी मिळाली, पण तिच्यावर एक दिवस नीट बसता आलं नाही.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मुली खवळल्या. मी शिकवलेल्या कुठल्याच धड्यानं त्या इतक्या जाग्या झाल्या नव्हत्या. शपथ घेऊन मोडली म्हणजे काय, असं त्या मलाच विचारायला लागल्या, जसं काही मीच मुकुट घातला होता. मागच्या बाकावर एक उंच, सावळी मुलगी बसायची, पूर्व भागातल्या हातमागवाल्या विणकरांची. घरी तेलुगू, त्यामुळे वर्गात ती फार कमी बोले. ती उभी राहिली.

"बाई, ती त्याच्या मामाची मुलगी ना? मग लग्न का नाही लावलं दोघांचं? आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचाच असतो."

सगळा वर्ग हसला. पण नंतर तिघीचौघी म्हणाल्या, की आमच्यातही असंच असतं, आणि तसं केलं असतं तर एवढी माणसं मेली नसती. दोघांचीही लग्नं आधीच झाली होती, असं सांगून मी सुटका करून घेतली. त्याच दिवशी मी ठरवलं, की राजा हीच होणार.

आणि राणीसाठी एका वकिलांची मुलगी घेतली. गोरी, ठेंगणी, आवाज खणखणीत. तिचे वडील सत्याग्रहात जाऊन आठ महिने तुरुंगात होते आणि त्याच वर्षी सुटून आले होते. ही गोष्ट मला माहीत होती. तरी तिला घेऊ नये असं मनात आलं नाही, कारण तिच्याइतकं स्पष्ट बोलणारी दुसरी कुणी नव्हती.

नाटक मीच लिहिलं. तीन प्रवेशांचं. पहिल्यात शपथ आणि मुकुट. दुसऱ्यात राणी वेढ्यातून निसटते ते. ती खरी गोष्ट आहे: कडाक्याच्या थंडीत, नदी गोठलेली असताना, राणी पांढरे कपडे घालून दोनचार माणसांबरोबर बर्फावरून चालत गेली आणि पहारेकऱ्यांना दिसलीच नाही. आमच्या एकाही मुलीनं बर्फ पाहिलेला नव्हता, मीही नाही. गिरणीत कामाला असलेल्या एका पालकांनी कापसाचं पोतं पाठवलं, तो कापूस आम्ही रंगमंचावर पसरला. पांढऱ्या वस्त्राला मामांचं धोतर. रंगीत तालमीत कापूस नाकात जाऊन राणीला इतक्या शिंका आल्या, की शत्रूच्या पहारेकरणीच हसून खाली बसल्या.

तिसरा प्रवेश तहाचा. राजा म्हातारा झालाय, त्याचा मुलगा वारलाय, नदीच्या दोन काठांवर दोन फौजा उभ्या आहेत आणि कुणालाच लढायचं नाही. तेव्हा ठरतं, की राजानं मरेपर्यंत राज्य करावं आणि त्याच्यामागं गादी तिच्या मुलाला द्यावी. इतिहासात ही बोलणी राजाची आणि तिच्या मुलाची झाली. पण माझ्याकडे आणखी एक राजपुत्र उभा करायला मुलगी नव्हती, आणि इतकी वर्षं भांडलेली दोन माणसं एकदा तरी समोरासमोर यावीत असं मला वाटत होतं. म्हणून मी राणीलाच नदीवर आणलं. नदी म्हणजे निळी सोलापुरी चादर. ती राजाच्या वडिलांनी आपल्या मागावरची दिली. राजाच्या अंगावरची लाल चादरही त्यांचीच. स्वतः शाळेत येऊन ती मुलीच्या खांद्यावर कशी टाकायची हे त्यांनी मला दाखवलं, आणि मुलीला तेलुगूत काहीतरी सांगितलं. मी विचारलं तर ती लाजून म्हणाली, "पाठ ताठ ठेव म्हणतात."

संमेलन शनिवारी दुपारी झालं. शाळेच्या पटांगणात मांडव. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, पुढे खुर्च्यांवर मडम आणि तिच्या शेजारी मोठ्या बाई, मराठीचं इंग्रजी करून सांगायला. तिसऱ्या रांगेत एक फौजदार गणवेशात बसले होते. आमच्या भागात मार्शल लॉत त्यांचा दरारा होता. अर्थात त्यांना आमंत्रण होतं, कारण त्यांची धाकटी मुलगी राजाच्या फौजेत शिपाई होती. तिला एकच वाक्य होतं: महाराज, नदीपलीकडे फौज दिसते आहे.

मी विंगेत वही घेऊन उभी. पहिला प्रवेश ठीक झाला. दुसऱ्यात शिंका आल्या नाहीत, आणि कापसावरून राणी निघाली तेव्हा मडमनं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. तिसरा सुरू झाला. छोट्या शिपायानं आपलं वाक्य चोख म्हटलं. राणी नदीच्या काठाशी आली. तिला म्हणायचं होतं, "ही गादी माझ्या वडिलांनी मला दिली होती, दादा." ते तिनं म्हटलं. आता राजाचं उत्तर यायचं. पण ती थांबली नाही. राजाकडे पाठ फिरवून ती लोकांकडे वळली आणि म्हणाली,

"लोकांना न विचारता जो गादीवर बसतो, त्याला एक दिवस लोकच खाली उतरवतात."

माझ्या वहीत हे नव्हतं. पुरुषांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या, मागून बायकांच्याही, आणि त्या थांबेनात. त्या टाळ्या नाटकासाठी नव्हत्या, हे दुसरीतल्या मुलीलाही कळलं असतं. मी फटीतून पाहिलं. मडम मोठ्या बाईंकडे झुकून काहीतरी विचारत होती. आणि फौजदारांच्या मांडीवर वही होती, ते खाली मान घालून पेन्सिलीनं लिहीत होते.

पडदा पाडावा तर टाळ्यांमुळेच पाडला असं दिसणार. चालू द्यावं तर पुढे काय होईल याचा नेम नाही. मी राजाला त्याचं वाक्य पुटपुटून सांगू लागले, पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. टाळ्या ओसरेपर्यंत ती पाठ ताठ ठेवून उभी राहिली. मग चादरीच्या नदीत एक पाऊल टाकून, अगदी हळू, तिनं तिच्याच मनानं उत्तर दिलं.

"बसलेल्या माणसाला उतरायची भीती वाटते, ताई. मी थकलोय. तू मला उतरायची वाट दाखव."

वकिलांची मुलगी भानावर आली असावी. तिनं हात पुढे केला आणि वहीतलं पुढचं वाक्य धरलं. तह झाला. पडदा पडला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावलेला मी पाहिला.

आत गेल्यावर मी राणीला कोपऱ्यात घेतलं. रागावणार होते.

"मी ठरवून नाही बोलले, बाई," ती म्हणाली. "समोर वडील बसलेले दिसले. इतके वाळलेत ते. तोंडातून गेलं."

मग मला रागावता आलं नाही. तिला पाणी दिलं आणि घरी पाठवलं. मोठ्या बाई मडमला पोचवायला मोटारीपर्यंत गेल्या होत्या, त्या परत आल्या तेव्हा शाळा रिकामी होत आली होती. माझ्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, की सोमवारी बोलू. मला तो निकालच वाटला.

घरी आल्यावर मामा-मामींना सगळं सांगितलं. सांगणं भाग होतं, कारण धोका माझ्या एकटीच्या नोकरीला नव्हता, मामांच्या सरकारी नोकरीलाही होता. मामांनी विचारलं, की फौजदारांनी नक्की काही लिहिलं का. मी हो म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, की चौकशी आलीच तर वही दाखव. वहीत ते वाक्य नाही, म्हणजे तुझ्यावर काही येत नाही.

"म्हणजे त्या पोरीवर येईल," मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मामा उठून दाराची कडी लागली आहे का ते बघून आले. मला कळलं, की स्वतःचा सल्ला त्यांनाही पटलेला नव्हता. मुलगी शाळेतून काढली गेली तर तिची मॅट्रिक बुडणार, आणि वडिलांना पुन्हा उचलायला निमित्त मिळणार. त्या राजाची एक गोष्ट मी शाळेच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकात वाचली होती. एका सरदारानं आपला चारपाच वर्षांचा मुलगा त्याच्याकडे ओलीस ठेवला आणि लगेच शब्द मोडला. मुलाला फासावर द्या, असं सगळे सांगत होते. राजानं दिलं नाही. असल्या मऊपणानंच त्याचं राज्य कधी पक्कं झालं नाही, असं पुस्तकात म्हटलं होतं. मला मात्र तो आवडायचा तो त्यासाठीच. आता वेळ माझ्यावर आल्यावर मी वही पुढे करून बाजूला होणार होते का? सकाळपर्यंत मी ठरवून टाकलं, की वाक्य माझं आहे असं सांगायचं. ठरवल्यावर भीती कमी झाली असं मात्र नाही.

चौकशीची वाट फार बघावी लागली नाही. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास दारात सायकल थांबली. फौजदार. गणवेशात. मामा अंघोळ करून नुकतेच बाहेर आले होते, ते तसेच उभे राहिले. शेजारच्या दोन खिडक्या मिटल्या. मामांनी या बसा म्हटलं, फौजदार खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि खिशातून तीच वही काढली.

"काल नाटकात..." त्यांनी सुरुवात केली.

मी मधेच बोलले. मामांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला आता थांबता येत नव्हतं.

"ते वाक्य माझं आहे. वहीत लिहायचं राहिलं होतं. मुलीचा त्यात काही संबंध नाही."

फौजदारांनी मान वर केली.

"कुटलं वाक्य?"

ते आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते.

"बाई, तुमी काय म्हणताय मला समजंना," ते म्हणाले. "मी आलोय ते पोरीच्या पार्टाचं. आमची म्हातारी मोडनिंबला असती. तिला हिंडाफिरायला येत न्हाय. नात नाटकात हाय म्हणल्यावर काय काय बोलली ते सगळं लिहून आण म्हणाली. पोरीचं वाक्य म्या उतरवलं, पण तिच्या अगुदर राजा काय म्हणला ते राहिलं. तेवडं सांगा की."

त्यांनी वही माझ्यासमोर धरली. मोठ्या, वळणाच्या अक्षरात पानावर एकच ओळ होती: महाराज, नदीपलीकडे फौज दिसते आहे. तिच्याखाली मुलीचं नाव, आणि खाली रेघ.

मी आतून वही आणली आणि तिसरा प्रवेश सुरुवातीपासून त्यांना उतरवून दिला, शिपाई आणि राजा दोघांचं. घाईत अक्षर वाईट आलं. ते शांतपणे बसून राहिले. मामींनी चहा आणला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला. म्हाताऱ्या आईबद्दल सांगितलं, की तिनं जन्मात एकही नाटक पाहिलेलं नाही, पण ऐकलेलं सगळं तिच्या ध्यानात राहतं. मुलीला संध्याकाळी ताप आला होता, दमल्यामुळं असेल, आता उतरलाय, असंही सांगितलं.

कागद घडी करून खिशात ठेवून ते उठले. उंबऱ्यापाशी थांबले. मामांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले,

"पोरीचं बोलून झाल्यावर मी लिवत हुतो. पुढं कोण काय बोललं ते मला ऐकू आलं न्हाय. टाळ्याबी लई वाजत हुत्या." टोपी घालत ते पुढे म्हणाले, "कुणी इचारलं तर मी हेच सांगणार. तुमीबी कुणाला काय सांगत बसू नका."

सायकल गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत आम्ही दारात उभे होतो. मग मामा आत येऊन पाटावर बसले आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मामींना वाटलं त्यांना काहीतरी झालं. इतक्या महिन्यांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही तिघांनी भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा एवढंच खाल्लं, कारण मामींना स्वयंपाकाचं भान राहिलं नव्हतं. पण मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

फौजदारांना खरंच ऐकू आलं नव्हतं की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मार्शल लॉत याच माणसानं आमच्या भागात लोकांना काठीनं झोडपलेलं होतं, हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या एका माणसात कशा बसतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले तेव्हा एक काळजी उरलीच होती: मडम. टाळ्या कशासाठी वाजताहेत, हे तिनं विचारलेलं मी पाहिलं होतं. मोठ्या बाई टेबलावरची कागदपत्रं सारखी करत होत्या.

"मी तिला सांगितलं, की राणी म्हणते आहे, आता युद्ध पुरे, लोक दमले आहेत," त्या म्हणाल्या. "राजाचं मात्र मी शब्दाला शब्द केलं. ते तिला फार आवडलं. लहानपणी शाळेत ती हीच राणी झाली होती म्हणे. मुलींना पेढे पाठवणार आहे."

आणि त्या हसल्या. अगदी थोडं, ओठांच्या एका कोपऱ्यातून, पण हसल्याच. मग लगेच चष्मा नीट करून म्हणाल्या, की पुढच्या वर्षी तुम्ही फक्त गाणी बसवा.

वकिलांच्या मुलीला मी रविवारची गोष्ट सांगितली नाही. काही होणार नाही, निश्चिंत राहा, एवढंच सांगितलं. तिनं मोठा श्वास सोडला आणि दप्तरात तोंड खुपसून थोडी रडली. राजाला मात्र मी विचारलं, की ते उत्तर तुला सुचलं कसं. ती आपल्या बाकाशी उभी राहिली, बोटानं लाकडावर रेघ ओढत. म्हणाली, की मला माझं वाक्य आठवेना, बाई. मग वाटलं, इतकी वर्षं भांडून त्याला काय हवं असेल? झोप हवी असेल.

मी तिला बसायला सांगितलं आणि फळ्यावर पुढच्या धड्याचं नाव लिहिलं. पुढचा धडा राणीच्या मुलाचा होता, तहात ठरल्याप्रमाणे गादीवर आलेल्या राजाचा. मुलींनी पुस्तकं उघडली.